साडेचौदा नंबरची जागा

कंडक्टर नाना भांडायला बसण्याआधी पायांत बूट घालत आणि डोक्यावर टोपी चढवत. घराबाहेर पडायचं नसे. ओट्यावरच्या लोखंडी खुर्चीत बसायचं, मोबाईल मांडीवर घ्यायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटानं उभ्या जगाशी भांडायचं, एवढंच काम. पण बूट लागायचेच. काकू वैतागून म्हणायच्या, "अहो, खुर्चीत बसून भांडताय. बुटं कशापायी?" त्यावर नाना गंभीर चेहऱ्यानं सांगत, "भांडायला जाताना मानसानं अनवानी जाऊ न्हाई. माघारी पळायची येळ आली तर?"

तशी वेळ कधी आली नाही. माझं झेरॉक्सचं दुकान नानांच्या ओट्याला लागूनच आहे, त्यामुळे मी शपथेवर सांगतो, की सकाळचा पहिला चहा येईपर्यंत नानांनी दोन अर्थतज्ज्ञ, कॅनडातला एक इंजिनियर आणि एक निवृत्त सचिव आडवे केलेले असत. दुपारी जेवून वामकुक्षी झाली की बाकीचे. पेट्रोलच्या गाड्या बऱ्या की विजेच्या, कंपन्यांनी माणसं कमी करावीत की नाही, नोटा राहतील की जातील, कोर्टात तारखा का पडतात, चंद्रावर जमीन घेतली तर सातबारा कुठल्या तलाठ्याकडे निघेल. विषय कोणताही असो, नाना त्यात उतरले की समोरचा धाप लागून बाहेर येई. गावाचं नाव मी इथं सांगत नाही. सोनईहून आमच्याकडे यायला अर्धा तास लागतो, एवढं पुरे. नाव सांगितलं तर नानांची जुनी गिऱ्हाइकं दुकानावर येतील.

त्यांचं हत्यार एकच होतं: "कलम सांगा, मग बोला." हे वाक्य त्यांनी किती जणांना टाकलं असेल याची मोजदाद परमेश्वराकडेही नसावी. कुणी घटनेवर लिहिलं, कलम सांगा. कुणी शेअर बाजारावर लिहिलं, कलम सांगा. एका बाईनं वांग्याच्या भरितात कांदा कच्चाच घालावा असं लिहिलं होतं, तिलाही नानांनी कलम विचारलं. बाईनं घाबरून पोस्ट काढून टाकली, आणि आमच्याकडे महिनाभर भरितात कांदा परतून पडत होता.

फोटोच्या जागी लोक वाघ लावतात, देव लावतात, निदान स्वतःचं थोबाड लावतात. नानांनी एसटीची संकटकाळी बाहेर पडण्याची खिडकी लावली होती. त्याचा अर्थ मी एकदा विचारला. म्हणाले, "समोरच्याला आधीच वाट दाखवून ठिवावी."

यंत्रांना बुद्धी आल्याची बातमी आमच्या गावात पोचली तेव्हा जगभरचे विद्वान गोंधळले होते, पण नानांनी दोन ओळींत निकाल दिला: "यंत्राला बुद्धी आली म्हणता, मान्य. त्याला लाज येते का ते सांगा. बिनलाजेची बुद्धी आमच्या तालुक्यात मुबलक आहे, ती बाहेरून आणायची गरज नाही." आणि हे नुसतं लिहून थांबले नाहीत. एका बँकेच्या साइटवर प्रश्नांना उत्तरं देणारं यंत्र होतं, त्याच्याशी नाना सलग तीन दिवस भांडले. ते बिचारं दर वेळी लिही, "मी आपली काय मदत करू शकते?" नाना लिहीत, "तू मदत करू नकोस, तू कबूल कर." तिसऱ्या दिवशी दुपारी यंत्रानं लिहिलं, "मी आपल्याला आमच्या प्रतिनिधीशी जोडत आहे." नानांनी बूट काढले, टोपी खुंटीला लावली आणि मला हाक मारून सांगितलं, "यंत्रानं हात टेकले. मानूस बोलावलाय." त्या ओळीची प्रिंट त्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि वर लॅमिनेशनही करवलं.

आता खरी मौज पुढे आहे. हा जगज्जेता माणूस समोरासमोर कुणालाही नाही म्हणू शकत नसे. मुळीच नाही. तोंडावर त्यांचं एकच वाक्य, "तुमचंबी बरोबर हाय."

एकतीस वर्षं त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली ती ह्या वाक्यावर. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा एक आणि दारातून चढून आधी बसणारा दुसरा, असे दोघे एकमेकांच्या गळ्याशी आले की नाना मधे जात. पहिल्याला म्हणत, तुमचंबी बरोबर हाय. दुसऱ्याला म्हणत, तुमचंबी बरोबर हाय. आणि दोघांच्या मधे तिसराच कुणीतरी बसवून पुढे जात. रस्त्यात कुणी हात केला आणि नानांनी बेल मारली नाही असं घडलंच नाही. इमामपूरच्या घाटात त्यांची गाडी लागली की डोंगर एका अंगाला झुके, असं जुने ड्रायव्हर सांगतात. एकदा सोनईच्या बाजारच्या दिवशी त्यांच्या गाडीत शहाण्णव माणसं, दोन शेळ्या आणि लग्नाचा बँड होता. बँड वाजतही होता.

एवढी माणसं बसायची कशी? तर ती नानांची विद्या. ते "पुढे चला" असं कधी ओरडत नसत. प्रत्येकाच्या कानाशी जाऊन हळूच म्हणत, "जरा सरका. लई न्हाई. एक ईत." माणूस वीतभर सरकतोच. मला ते म्हणाले होते, "जागा कोनी कोनाला देत न्हाई, पन ईत समदे देत्यात. ईत-ईत गोळा केली की आपसुक जागा व्हती."

माझा असा तर्क आहे, की एकतीस वर्षं जी उत्तरं त्यांनी गिळली, ती पोटात तशीच साठली होती. निवृत्तीनंतर पुण्याच्या मुलानं मोबाईल आणून दिला आणि धरण फुटलं.

आता हसीनाबींकडे येतो. त्या नानांच्या गाडीत पहिल्यापासूनच होत्या. हसीनाबी आमच्या गावच्या बांगडीवाल्या. नगरहून काचेच्या बांगड्यांची पेटी घेऊन येत. गर्दीत काच फुटू नये म्हणून पेटी कंडक्टरच्या सीटवर ठेवायची, असा हुकूम त्यांनी पहिल्याच दिवशी सोडला आणि नाना म्हणाले, "भाभी, तुमचंबी बरोबर हाय." तिथून पुढे निवृत्तीपर्यंत मंगळवारच्या फेरीला पेटी बसून आली आणि नाना उभे राहून.

सोमवारच्या बाजारात चिंचेखालच्या दगडापाशी हसीनाबी बसत. त्यांच्या आधी त्यांची सासू तिथंच बसे. गावातल्या पोरीचं लग्न ठरलं की चुडा भरायला त्याच दगडाशी यायचं, ही रीत. माझ्या आईचा तिथं भरला, बायकोचा तिथं भरला. जागेचा कागद कुणाकडेच नव्हता. बाजारात कागद कुणाचाच नसतो. सासू बसली तिथं सून बसते.

मग आमच्या बाजाराचं आधुनिकीकरण निघालं. चिंच तेवढी ठेवून लांबलचक पत्र्याची शेड आणि सिमेंटचा सलग ओटा बांधायचं ठरलं. ओट्यावर पिवळ्या रेघा, प्रत्येक रेघेत नंबर, नंबर मोबाईलवर नोंदलेला, आणि देखरेखीला ठेकेदार. बांधकाम होत आलं तशी पंचायतीनं नोटीस लावली: बाजारात पूर्वीपासून बसणाऱ्यांनी पंधरा दिवसांत लेखी दावा अगर हरकत कार्यालयात दाखल करून आवक क्रमांक घ्यावा, नंतर तक्रार चालणार नाही. नोटीस फळ्यावर लागली आणि तिचा फोटो गावाच्या फेसबुक पानावर आला.

हसीनाबींना वाचता येत नाही. त्यांच्याकडे बटणांचा मोबाईल. त्या थेट नानांच्या ओट्यावर आल्या. गुडघे धरून पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नाना, माझी जागा जायाची म्हनत्यात. ह्या गुडघ्यांनी आता दारोदार पेटी घेऊन फिरनं व्हनार न्हाई. तुमी काय ते बघा."

नाना उठले. आत गेले. बूट घालून आले. टोपी घालून आले. हसीनाबींनी ते पाहिलं आणि निश्चिंत होऊन घरी गेल्या. वाटेत माझ्या दुकानाशी थांबून म्हणाल्या, "नाना हायेत नं. मंग मला कशाची काळजी?"

आणि भाऊ, काय लढले नाना! पानावरच्या त्या फोटोखाली त्यांनी सतरा भागांत जे लिहिलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. वहिवाटीचा हक्क काय असतो, पोटापाण्याचा हक्क काय असतो, फेरीवाल्यांचा कायदा काय म्हणतो, ओट्यावर पिवळी रेघ मारण्याचा अधिकार मुळात कुणाला. नागपूरचे एक वकील मधे पडले, म्हणाले तो कायदा शहरापुरता आहे, खेड्याला लागत नाही. नानांनी त्यांना धरलं. "कलम सांगा, मग बोला." वकिलांनी कलम सांगितलं! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नानांना कलम सांगितलं होतं. नाना आनंदानं तीन दिवस जेवले नाहीत. मग खेडं म्हणजे काय, शहर म्हणजे काय, बाजार भरतो त्या दिवशी खेड्याचं शहर होतं की नाही, असा तो वाद चढत गेला. नांदेडची माणसं आली, बेळगावची आली, दुबईत गवंडीकाम करणारा एक आला. चारशे बारा जणांनी नानांना अंगठा दिला. त्यांत एक अंगठा माझा होता. आणि हे सगळं चाललं होतं तेव्हा माझ्या दुकानात, माझ्या कोपराखाली, कोऱ्या कागदांचं पाचशेचं रिम फोडलेलं पडलं होतं.

पंधरा दिवस संपले. सोळाव्या दिवशी ग्रामसभा. एरवी आमच्याकडे ग्रामसभेला माणूस गोळा करायला बँडवाल्यांना सांगावं लागतं, ग्रामसेवक नेहमी म्हणतात, "आपलं गाव काय हिवरे बाजार हाय व्हय?" पण त्या दिवशी मारुतीचं पटांगण भरलं होतं. सगळ्यांना नानांना ऐकायचं होतं. बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून हसीनाबी बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

ग्रामसेवकांनी वाचलं, "बाजार ओटा. प्राप्त दावे एकोणतीस, मंजूर एकोणतीस. हरकती निरंक."

नाना उठले. मोबाईल उंच धरला. "हरकत आमी घेतलेली हाय. चारशे बारा लोकांचा पाठिंबा हाय. परदेशातून बी हाय."

ग्रामसेवक वाईट माणूस नाही. त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "नाना, ती कॉमेंट हाय. आवक नंबर सांगा."

आता सिंह उडी मारणार, म्हणून पुढच्या दोन रांगा मागे सरकल्या. नाना ग्रामसेवकांकडे बघत राहिले. समोर खराखुरा माणूस होता, त्याला घाम आला होता, आणि तो नानांच्याच शब्दांसारखं काहीतरी त्यांना परत देत होता. नानांचा मोबाईलचा हात हळूहळू खाली आला.

"तुमचंबी बरोबर हाय," नाना म्हणाले आणि बसले.

कुणी हसलं नाही. हसीनाबींनी लांबून मला खुणेनं विचारलं, "झालं का माझं?" मी चपला शोधायला खाली वाकलो, आणि चपला माझ्या पायांतच होत्या.

नंतरचे आठ दिवस नानांनी मोबाईलला हात लावला नाही. बूट खाटेखाली गेले. जगावरचा ताण एकदम उतरला. आमच्या टॉवरला म्हणे रेंजच्या काड्या वाढल्या. पाचव्या दिवशी नागपूरच्या वकिलांनी लिहिलं, "नाना, तब्येत बरी आहे ना? तुमच्याशिवाय भांडणात मीठ नाही." नानांनी ते वाचलंसुद्धा नाही. काकू मला म्हणाल्या, "भांडत न्हाईत, वरडत न्हाईत. मला भ्या वाटाया लागलंय."

नव्या ओट्यावरचा पहिला सोमवार उजाडला. सकाळी बघतो तर नाना ओट्यावर उभे. टोपी नाही, बूट नाही. पायांत चपला आणि अंगात जुना खाकी शर्ट, कंडक्टरकीतला, कोपरावर विरलेला. म्हणाले, "चल जरा बाजारात." मी दुकान ओढून घेतलं आणि मागे गेलो.

शेडमध्ये एकोणतीस जण आपापल्या पिवळ्या चौकटीत बसले होते. चिंच होती, तिच्याखालचा दगड चौदा आणि पंधरा नंबरच्या रेघेखाली सिमेंटात गेला होता. हसीनाबी पेटी मांडीवर घेऊन बाहेर रस्त्याच्या कडेला उन्हात बसल्या होत्या.

नाना पहिल्या नंबरपाशी गेले. तिथं कांदे-बटाटेवाला. त्याच्या कानाशी वाकले. "दाजी, जरा सरका. लई न्हाई. एक ईत."

"आवं नाना, ही माझी रेघ हाय. मोबाईलवर नोंद हाय!"

"तुमचंबी बरोबर हाय. एक ईत."

दाजी सरकले. मग दोन नंबरचा गूळ-शेंगदाणेवाला, मग झारे-कढया, मग बोंबीलवाली आत्या. ती कडाडली, "कंडक्टर, गाडी सोडून धा वर्सं झाली, आजून मला सरकवतोस व्हय रं?" नाना म्हणाले, "आत्ये, तुझंबी बरोबर हाय. पाटी जरा आलीकडं घे." चौदापर्यंत सगळे एका बाजूला सरकवले. मग नाना पलीकडच्या टोकाला गेले आणि एकोणतीसपासून पंधरापर्यंत उलटे आले. एकाशीही वाद नाही, एकालाही कलम नाही. तासाभरात चौदा आणि पंधराच्या मधे, चिंचेच्या अगदी बुंध्याशी, एक पेटी आणि एक बाई बसेल एवढी जागा पडली. नानांनी रस्त्यावर जाऊन पेटी उचलली. "भाभी, या. सीट झाली."

ठेकेदाराच्या माणसानं ग्रामसेवकांना बोलावून आणलं. ते टेप घेऊन आले. म्हणाले, "नाना, हे नियमात बसत न्हाई."

"साहेब, तुमचंबी बरोबर हाय," नाना म्हणाले. "जरा सरका. तुमचा पाय पेटीवर पडतोय."

ग्रामसेवक सरकले. वीतभरच, पण सरकले. त्या दिवसापासून बाजार त्या जागेला साडेचौदा नंबर म्हणू लागला.

पण हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. माणूस इतका चांगला नसतो, की एकदा सांगितलं म्हणून सरकलेला राहील. पुढच्या सोमवारी सगळे पुन्हा आपापल्या रेघेत. मग नाना पुन्हा एक नंबरपासून. असे सोमवारमागून सोमवार, तीन वर्षं. उन्हात, पावसात, एकदा तर अंगात ताप असताना. मंगळवारी पुन्हा बूट, टोपी आणि नागपूरचे वकील. ते काही सुटलं नाही. फक्त एवढा फरक पडला, की कधीकधी "कलम सांगा" लिहून झाल्यावर नाना थांबत, मला विचारत, "ह्यो मानूस समोर असता तर?" आणि मग लिहिलेलं पुसून टाकत. कधीकधीच. रोज नाही. अतिशयोक्ती मी करतो, पण थापा मारत नाही.

गेल्या माघात नाना गेले. झोपेतच. मोबाईल उशाशी होता आणि त्यावर अर्धवट लिहिलेलं वाक्य होतं, असं लोक सांगतात. तसं काही नव्हतं. चार्जिंगला लावलेला होता.

दहाव्याला नदीकाठी सगळा गाव जमला. पिंड ठेवला. बाभळीवर कावळे सात-आठ, पण एकही खाली येईना. मुलानं हात जोडले, "नाना, आईला पुन्याला नेतो." कावळा ढिम्म. काकू म्हणाल्या, "मी कुठं जानार न्हाई पुन्याला, हितंच ऱ्हाते." तरी ढिम्म. कुणी म्हणालं, मोबाईलचा रिचार्ज चालू ठेवू. एका कावळ्यानं मान वळवली, बस्स. ऊन चढलं. माणसं चुळबुळ करू लागली.

मागे हसीनाबी उभ्या होत्या. कुणाकडे काही मागत नव्हत्या. पण मधला सोमवार सुतकात गेला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा सोमवार होता, आणि उद्या एक नंबरपासून कोण सुरू करणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला वाचता आलं. ग्रामसेवकांनाही आलं असावं. ते पुढे झाले, चप्पल काढली आणि पिंडाला म्हणाले, "नाना, साडेचौदा नंबर कायम करायचं मी बघतो. शब्द देतो."

बाभळीवरचे कावळे जागचे हलले नाहीत. मी मात्र हललो. त्या ग्रामसभेपासून मी खिशात एक कोरा कागद घडी करून ठेवत आलोय, अंघोळीला जाताना तेवढा काढतो. तो उघडला आणि म्हणालो, "साहेब, तोंडी न्हाई. लिहून द्या."

ग्रामसेवकांनी माझ्या पाठीवर कागद ठेवून लिहिलं: हसीनाबी यांची बाजारातील जागा वहिवाटीची असल्याने चौदा व पंधरा क्रमांकांमध्ये कायम करण्याचा ठराव पुढील ग्रामसभेत मांडण्यात येईल. खाली सही केली. पुन्हा बाभळीकडे बघितलं. काही नाही. तेवढ्यात बोंबीलवाली आत्या मागून ओरडली, "आरं, आवक नंबर टाका की!" शिपाई मोटरसायकलवर पंचायतीत गेला, रविवारचं कुलूप काढून आवक रजिस्टर आणि शिक्का घेऊन आला. रजिस्टरात नोंद झाली, कागदावर नंबर पडला, शिक्का बसला.

आणि मग कावळा आला. घाईनं नाही. पिंडाशी उतरला, जरा अंग चोरून बसला, आणि दुसरा आला तेव्हा त्याला जागा द्यायला वीतभर सरकला.

पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला. हसीनाबी आता रेघेच्या आत बसतात. त्यांच्या चौकटीत साडेचौदा असा आकडा पिवळ्या रंगानं काढलेला आहे.

कावळ्याची गोष्ट तुम्हाला खरी वाटत नसेल, तर तुमचंबी बरोबर हाय. पण त्या कागदाची झेरॉक्स माझ्या दुकानात आहे, आवक नंबरासकट. या आणि बघा. गर्दी असली तर जरा सरका म्हणा.